परकी बेटे

दिवाळीच्या पहाटे फराळाची ताटे मांडली, की आमच्या घरात सगळे क्षणभर थांबतात. माझी चौदा वर्षांची भाची आधी पोटाला इन्शुलिनची सुई टोचून घेते, मगच चकली उचलते. गेली सात वर्षे हे चालले आहे. तिचा हात कापत नाही, पाहणाऱ्यांचाच कापतो.

यंदा तिने विचारले, "मामा, दुसऱ्याची बेटे बसवतात म्हणे. मग माझी सुई सुटेल?" मेहुण्यांनीही कुठेतरी वाचले होते. ते तर प्लॉट विकायला निघाले होते!

मी पडलो मराठीचा मास्तर. बेट म्हटले की मला साष्टी आठवते. पण भाचीपुढे अज्ञान कबूल करणे मामाच्या इभ्रतीला शोभेना. एका डॉक्टर मित्राला गाठले, चार पुस्तके चाळली.

१८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या चिमुकल्या पुंजक्यांचे वर्णन केले. हीच ती बेटे. लॅटिनमध्ये बेट म्हणजे 'इन्सुला'. इन्शुलिन हे नाव त्यावरूनच पडले. आमच्या पोरीच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांनी घरच्याच बेटांना चोर समजून त्यांच्यावर हल्ला केला, नि इन्शुलिन आटले.

२००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेली बेटे यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. ती यकृतात रुजली नि सातही जणांची सुई सुटली. पुढे मात्र अशा पुष्कळ रोग्यांना पुन्हा थोडेफार इन्शुलिन घ्यावे लागले. शिवाय परक्या बेटांवर पहारेकरी तुटून पडू नयेत म्हणून त्यांना गुंगवणारी औषधे कायमची घ्यायची. पहारेकरी गुंगले की खऱ्या चोरांनाही दार मोकळेच!

पहारेकऱ्यांना न गुंगवता समजावता येईल का? १९५३ साली इंग्लंडमध्ये मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी गर्भातल्या उंदरांना दुसऱ्या वाणाच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्याच वाणाची कातडी त्यांच्या अंगावर बिनतक्रार रुजली. लहानपणापासून घरात वावरलेला परका वाटत नाही, तसेच हे. मेडावार यांना १९६० साली नोबेल मिळाले. पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला ते २०२५ साली मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनमध्ये जनुके बदललेली बेटे एका रोग्याच्या हाताच्या स्नायूत बसवली. गुंगीचे औषध न देताही ती बारा आठवडे टिकून इन्शुलिन करत होती. पण मात्रा लहान, त्यामुळे त्याची सुई काही सुटली नाही.

मित्र म्हणाला, "ज्यांची साखर चाहूल न देता धोक्याइतकी उतरते, अशा मोठ्या माणसांसाठी आजचा उपाय. पोरीचे इन्शुलिनवर उत्तम चालले आहे. प्लॉट राहू द्या."

हे मी घरी सांगितले. मेहुणे खिडकीबाहेर पाहत राहिले. बहीण स्वयंपाकघरात गेली. भाची मात्र विचार करून म्हणाली, "म्हणजे सुई सोडायची नि ती औषधे धरायची?"

"आज तरी तसेच."

"मग ते पहारेकरी शहाणे होईपर्यंत सुईच बरी. मामा, तू चकलीचा डबा सरकव पाहू इकडे!"

मी डबा सरकवला. या खेपेस माझाही हात कापला नाही.