नोकरी सांभाळून एलएलबी : आधी हिशेब, मग फॉर्म

सीईटीचे फॉर्म निघाले की कल्याण, मुंब्रा, भिवंडीकडून आमच्याकडे एकच प्रश्न येतो : "नोकरी न सोडता एलएलबी होईल का?" विचारणाऱ्यांत बँकेतले कारकून असतात, आमच्यासारखे शिक्षक असतात आणि मुले शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या भगिनीही असतात. नियत चांगलीच आहे. पण फी भरण्याआधी घरात बसून थोडा हिशेब करावा.

प्रवेशाची वाट तशी सरळ आहे. पदवीनंतरची एलएलबी तीन वर्षांची. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के गुण हवेत आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. चाळिशी ओलांडलेलेही वर्गात दिसतात. तेव्हा वयाची लाज बाळगू नये.

अडचण पुढे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. आठवड्याला किमान ३० तास वर्ग, तेही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच, आणि प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी. म्हणजे आठवड्याला २१ तास, सहा दिवसांत वाटले तर रोज साडेतीन तास. घरबसल्या, पत्राने केलेली एलएलबी वकिलीसाठी चालत नाही. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून मुंबईत दहा ते सहा ड्युटी करणाऱ्याने हे साडेतीन तास कुठून आणायचे?

इथेच कुणीतरी कानात सांगतो, "हजेरीचे आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या." वाचकहो, या वाटेला जाऊ नका. जो उद्या कोर्टात उभा राहून खऱ्या-खोट्याची उलटतपासणी घेणार, त्याने आपल्या पेशाची पहिली सही खोट्या हजेरीपटावर करावी? शिवाय २०२४ साली बार कौन्सिलने कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि विद्यार्थी नोकरीत आहे का याचे प्रतिज्ञापत्र घेण्यास सांगितले आहे. म्हणजे खोटेपणा कागदावरही नोंदला जाईल.

मग वाट कुणाला आहे? ज्यांची ड्युटी दुपारी किंवा रात्री सुरू होते आणि कॉलेज सकाळचे आहे, त्यांना. ज्यांना मालकाकडून लेखी परवानगी आणि वेळेची सवलत मिळते, त्यांना. आणि ज्या घरात पाळी लावता येते, त्यांना : तीन वर्षे एकाने कमवावे, दुसऱ्याने शिकावे. ती शिकणारी बीवी किंवा सून असेल तर आमच्या मते अधिकच चांगले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. कमावून शिकणाऱ्याची कदर या मुलखाला नवी नाही.

पदवीनंतरचेही आधीच समजून घ्यावे. पगारी पूर्णवेळ नोकरीत असताना वकिली करता येत नाही. त्यासाठी नोकरी सोडावी लागते. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. कायदा शिकवायचा असेल तर पुढे एलएलएम आणि नेट किंवा सेट. नोकरीतच राहायचे असेल, तर या पदवीने आपल्या खात्यात खरोखर काय फरक पडेल, हे वरिष्ठांना आधी विचारून घ्यावे.

इतके असूनही आम्ही कुणाला परावृत्त करणार नाही. ठाणे-कल्याणच्या कोर्टांत कामकाजाची भाषा मराठी, आणि आपल्या घरांतले निकाहनामे बहुधा उर्दूत. महर, खुला, मीरास, वक्फ या शब्दांमागचे प्रकरण समजून ते मराठीत नीट मांडणारा वकील मोहल्ल्यात असेल, तर किती बहिणींची पायपीट वाचेल! आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले बॅरिस्टर झाले आणि राज्याचे मुख्यमंत्रीही. त्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय आज अंजुमन-ए-इस्लाम मुंबईत चालवते.

ज्यांना तीन वर्षे देणे जमतच नाही, त्यांनीही हात बांधून बसू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण देते. त्यासाठी एलएलबी लागत नाही, आणि शिक्षकही त्यात घेतले जातात. कोर्टाची पायरी चढायला घाबरणाऱ्याला मोफत वकिलापर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे काम. महिलांना तर उत्पन्न कितीही असो, ही मोफत मदत मिळते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा : कॉलेजचे वेळापत्रक, आपली ड्युटी आणि लोकलला लागणारा वेळ. तिन्ही जुळत असतील तर बिस्मिल्लाह करा. जुळत नसतील तर यंदा स्वयंसेवक व्हा, पैसे साठवा आणि घरात कुणाची पाळी आधी लावायची ते ठरवा.