गाव गप्प का बसतं, हे कुणी विचारलंच नाही

संपादक महोदय,


नारायण धारपांच्या 'लुचाई' या भयकादंबरीवरची वाचकांची मतं आपण मागच्या अंकात छापलीत, याबद्दल मनापासून आभार. भयकथा आणि रहस्यकथा यांना मराठी नियतकालिकं एवढी जागा सहसा देत नाहीत. पण ती मतं वाचून मी अस्वस्थ झाले. बहुतेकांचे आक्षेप फिरून फिरून तीनच. कथा परदेशी कादंबरीवरून घेतलेली आहे. पुढे काय होणार ते आधीच कळतं. आणि घरोघरी मोबाइल असताना कादंबरीतल्यासारखं जगापासून तुटलेलं गाव आता उरलंय कुठे? पहिल्या दोन आक्षेपांबद्दल थोडक्यात लिहिते. तिसऱ्याशी मात्र मला भांडायचं आहे.

उसनवारी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सेलम्स लॉट'वर 'लुचाई' बेतलेली आहे आणि हे ऋण पुस्तकावर ठळकपणे नोंदवलं गेलं पाहिजे. धारपांच्या 'आजी' या कथेमागेही किंग यांचीच कथा आहे. पण त्याच 'आजी'तून प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांनी २०१८मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट केला, तो बघताना अमेरिका कुणाला आठवली? न थांबणारा पाऊस, पडका वाडा, घरातल्या घरात बापाकडून मुलाकडे गेलेली हाव, हे सगळं इथल्या मातीतलं वाटलं. कथेचा सांगाडा कुणाचा हे अभ्यासकांनी जरूर शोधावं. वाचक म्हणून मी एवढंच बघते की त्यावर उभी राहिलेली माणसं आपली वाटतात की नाही.

शेवट ओळखता येण्याचंही तसंच. कॉनन डॉयल यांची 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' १९०१-०२मध्ये क्रमशः छापून आली. कुत्र्यामागे कोण आहे हे आज पुस्तक न उघडलेल्यांनाही ठाऊक असतं, तरी ती वाचली जातेच. तिच्यातल्या डार्टमूरच्या ओसाड माळावर घरं मोजकी, आणि प्रत्येक घरात काहीतरी झाकलेलं. वाड्यातला नोकर रात्री खिडकीशी मेणबत्ती धरून कुणाला तरी खूण करतो, आणि ती खूण बायकोच्या फरारी भावासाठी असते. हा प्रसंग मला कुत्र्यापेक्षा जास्त लक्षात राहिला.

आता तिसरा आक्षेप. रस्ता झाला, वीज आली, फोन आला म्हणजे गाव उघडं झालं, ही समजूत शहरात बसून करून घेतलेली आहे. मी ग्वाल्हेरची. चंबळची बीहडं आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. दिल्लीहून झाशीकडे जाणारी मोठी रेल्वे मुरैन्यातून आणि ग्वाल्हेरातूनच जाते; रोज हजारो माणसं त्या घळींच्या अंगावरून प्रवास करत आली. तरीही कितीएक वर्षं तिथल्या गावांत कुठला बागी, म्हणजे दरोडेखोर, कुणाच्या घरी जेवला, जखमी झाल्यावर कुणाच्या गोठ्यात निजला, हे गावाला माहीत असायचं आणि ठाण्याला नाही. गाव बोलत नसे, कारण बोलणाऱ्याला मुखबिर, म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, ठरवून मारलं जाई. कारण बागी जातीतला असे, नात्यातला असे. कारण पोलिसांचा जाच बाग्यांच्या जाचाहून कमी वाटत नसे. १९७२च्या एप्रिलमध्ये चंबळमधल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर बाग्यांनी शस्त्रं ठेवली, तेव्हा देशाला ती माणसं समोर दिसली. आसपासच्या गावांना त्यांत नवल वाटण्यासारखं काय होतं?

अशा कादंबरीचं मर्म मला इथे दिसतं. सगळ्यांना माहीत असतं आणि बाहेरून आलेल्या एकाला नसतं. 'सेलम्स लॉट'मध्ये रक्तपिपासूमुळे गावातली माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि शेजारी स्वतःची काहीतरी समजूत घालून दार लावून घेतात. त्या दार लावून घेण्याची मला रक्तपिपासूपेक्षा अधिक भीती वाटते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तही परका मास्तर धनगरांच्या वाडीत येतो आणि वाडी त्याला हळूहळू जोखते. तिला आपण साहित्य म्हणतो, ते योग्यच आहे. पण तीच मांडणी भयकथेत आली की 'प्रवासात वाचायला बरी' एवढ्यावर बोळवण का?

वाचकाचं मत कुठवर जाऊ शकतं याचं एक उदाहरण देते. १९४८च्या जूनमध्ये 'न्यू यॉर्कर'ने शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' छापली. एका साध्यासुध्या गावात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एका माणसाला दगडांनी ठेचून मारतात, एवढीच ती गोष्ट. त्या उन्हाळ्यात लेखिकेकडे तीनशेच्या वर पत्रं आली. काही शिव्या देणारी, बरीचशी गोंधळलेली. आणि काहींनी चक्क विचारलं होतं, हे कुठे चालतं, आम्हांला जाऊन बघता येईल का? गोष्ट मोठी, पण ही पत्रं मला तिच्याइतकीच महत्त्वाची वाटतात. माणसं गोष्टीबद्दल बोलायला गेली आणि स्वतःबद्दल सांगून बसली.

आम्हां ग्वाल्हेरच्या मराठी लोकांनाही हे गप्प बसणं लागू आहे, म्हणून हे पत्र. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, त्याचं लष्कर शहर झालं आणि आम्ही इथलेच झालो. दोनशे वर्षं भर बाजारात राहतो, दाराबाहेर हिंदी बोलतो, दाराआड मराठी. १९६१चं साहित्य संमेलन कुसुमावती देशपांड्यांच्या अध्यक्षतेखाली इथे झालं, त्याचा अभिमान आम्ही आजही सांगतो. पण चारचौघांत न सांगण्याच्या गोष्टीही आमच्याकडे आहेत. वाड्याच्या वाटणीत कुणाचं नाव गाळलं गेलं, कुठल्या मुलीचा फोटो भिंतीवरून का उतरवला, लग्नकार्यात कुणाला आमंत्रण जात नाही. मुंबई-पुण्याच्या पाहुण्याला यातलं काही कळत नाही, कारण आम्ही सगळे मिळून ते कळू देत नाही. त्यासाठी डोंगर लागत नाही की तुटलेला पूल लागत नाही. इथल्या चिटणीसांच्या गोठीत किंवा दाल बाजारात घडणारी अशी कादंबरी कुणी लिहिली तर मी ती सगळ्यांत आधी विकत घेईन.

तेव्हा विनंती अशी की यापुढे रहस्यकादंबरीवर मतं मागवताना 'शेवट कसा वाटला' हा प्रश्न काढून टाकावा. त्या जागी, गावात कुणाकुणाला माहीत होतं आणि ते का बोलले नाहीत, हे विचारावं. 'लुचाई'पासूनच पुन्हा सुरुवात केलीत तर माझं उत्तर मी लगेच पाठवते.

आपली,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर