आजारपण आणि २१ हजारांची रेघ

मंडळाच्या एका सभासदांनी विचारले: मुलगा मकरपुऱ्यातल्या कारखान्यात आहे, क्षयरोगामुळे सहा महिने घरी बसावे लागेल, पगाराचे काय? आम्ही जन्म बँकेत काढला. तिथे आजारपणाची रजा साठते, १० वर्षे सेवेनंतर शरीर कायमचे निकामी झाल्यास पेन्शनही मिळते. बाहेरचे जग आम्हाला उशिराच कळले.

मुलाचा पगार २१,००० रुपयांच्या आत, म्हणून तो ईएसआयमध्ये. साध्या आजारात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन. क्षयासारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते, ती त्याची होती. पण कारखान्यात हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते!

खरी अडचण पुढच्यांची. ही मर्यादा २०१७ मध्ये ठरलेली. त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली. पगार २२ हजार झाला की माणूस योजनेबाहेर, मालकाच्या मर्जीवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी मर्यादेचा आकडा सरकारच्याच हाती आहे. नोकरीत अपंगत्व आल्यास काढता येत नाही, ही २०१६ च्या कायद्यातली हमीही सरकारी आस्थापनांपुरतीच. कायमचे अपंगत्व आल्यास ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मात्र नाही. राजीनाम्यावर सही करण्याआधी एवढे तरी विचारावे.