लाजेवर पोसलेली दुकानदारी

रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंती, एस.टी. स्टँडची मुतारी, बाजारातला विजेचा खांब. या जागांवर एक जाहिरात हमखास रंगवलेली असते : "गुप्तरोग, शर्तिया इलाज." खाली फोन नंबर आणि लॉजमधला खोली क्रमांक. हा पैसा येतो कुठून, याचा विचार आपण कधी केला आहे काय? तो येतो आपल्या वस्तीतल्या पोरांच्या खिशातून. बिगारी काम करणारा, वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करणारा, रिक्षा चालवणारा तरुण अंघोळ करताना लिंगावर चार पुटकुळ्या पाहतो आणि हादरतो. बापाला सांगता येत नाही, मित्र टिंगल करतील, दवाखान्यात बाई डॉक्टर असेल. मग तो लॉजची पायरी चढतो आणि महिन्याची कमाई तिथे ठेवून येतो.

गंमत अशी की, यातल्या कित्येकांना मुळात रोगच नसतो. लिंगाच्या बोंडाभोवती कडेकडेने ओळीत येणारे बारीक, मोत्यासारखे दाणे अनेक तरुणांना असतात. ते नैसर्गिक आहेत, संसर्गाने होत नाहीत आणि कुणाला लागतही नाहीत. लिंगाच्या कातडीवर किंवा अंडकोशावर दिसणारे पिवळसर-पांढरे ठिपके म्हणजे तेलग्रंथी. वय वाढल्यावर अंडकोशावर येणारे लाल-जांभळे बारीक ठिपके म्हणजे फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. अंडकोशाची कातडी इतर अंगापेक्षा काळसर असणे हेही साहजिकच. या कशालाच औषध लागत नाही. भोंदू मात्र यालाच "धातूचा विकार" म्हणतो आणि पुड्या बांधून देतो.

दुसरा गट साध्या, बऱ्या होणाऱ्या आजारांचा. दिवसभर घामात काम, अंगावर नायलॉनचे कपडे आणि नळाला एक दिवसाआड पाणी, अशा स्थितीत जांघेत गजकर्ण होणारच. तो माणसाच्या चारित्र्याचा दोष नव्हे, वस्तीच्या पाणीपुरवठ्याचा आहे. रात्री वाढणारी खाज आणि लिंगावर, अंडकोशावर गाठी आल्या तर बहुधा खरूज असते. तिचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. पुढच्या कातडीखाली लाली, खाज, पांढरा थर वारंवार येत असेल तर ती बुरशी असू शकते. अशा वेळी रक्तातली साखर तपासावी, कारण कित्येकांचा मधुमेह प्रथम असाच उघडकीस येतो. एखादी गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी काळपट डाग उठत असेल तर ती त्या गोळीची ॲलर्जी समजावी. गोळीचे नाव डॉक्टरांना सांगावे.

इथे मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेले मलम मोठे नुकसान करते. स्टेरॉईड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते, पण गजकर्ण आतून पसरतो आणि कातडी पातळ होते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. ते पाळले जाते का, हे आपल्या नाक्यावर जाऊन पाहावे.

तिसरा गट मात्र अंगावर काढू नये असा. न दुखणारी जखम, दुखणारे फोड, कोबीसारखे वाढणारे मस, लघवीच्या जागेतून पू, पांढरी पडून आवळत जाणारी कातडी, न भरणारा व्रण किंवा गाठ. गरमीची जखम काही आठवड्यांत औषधाशिवायही भरते. रोग मात्र रक्तात राहतो, पत्नीला आणि पोटातल्या बाळालाही लागू शकतो. भोंदूचा "गुण आला" तो असा! खरे तर रक्ततपासणी आणि पेनिसिलीनचे इंजेक्शन एवढ्यावर हा रोग बरा होतो. न भरणारा व्रण कॅन्सरचा असू शकतो आणि उशीर झाला तर लिंग कापावे लागते. लाजेची किंमत इतकी मोठी आहे.

ही लाज आली कुठून? ज्या व्यवस्थेने माणसांची शुद्ध-अशुद्ध अशी वाटणी केली, तिनेच शरीराचीही केली. डोके पवित्र, पाय अपवित्र आणि कमरेखालचे नावच घ्यायचे नाही. आपण माणसांची वाटणी नाकारली, पण शरीराची ही वाटणी अजून डोक्यात बाळगून आहोत. ज्या धम्मात कायानुपस्सना आहे, स्वतःचे शरीर जसे आहे तसे पाहायला शिकवले आहे, त्या धम्माच्या अनुयायांना हे शोभत नाही.

बाबासाहेबांनी ही लाज कधीच झुगारली होती. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. सनातन्यांना ते अश्लील वाटले. 1934 मध्ये अशाच प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर खटला भरला गेला, तेव्हा त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण माणसाला आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारण्याचा आणि खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे, ही बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात उभे राहून मांडली. आज आपण त्यांच्या जयंतीला डीजे लावतो. पण त्यांनी ज्या प्रश्नासाठी काळा कोट चढवला तो प्रश्न विहारात काढायला कचरतो.

हे चित्र बदलायला पैसा लागत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहेत, तिथे तपासणी व औषधे मोफत मिळतात. 1097 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मंडळांनी हे दोन्ही विहाराच्या फलकावर लिहावे. समाजातल्या डॉक्टरांना महिन्यातून एक रविवार मागावा आणि पोरांचे प्रश्न चिठ्ठीवर, नाव न घालता घ्यावेत. गुप्तरोगाच्या अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा 1954 पासून आहे. भिंतीवरच्या जाहिरातीचा फोटो काढून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

आणि बापांनीही आपल्या पोराला एकदा जवळ बसवून विचारावे. बापाने विचारले तर पोरगा लॉजची पायरी चढणार नाही.

जयभीम!