अनुभव नाही म्हणून नोकरी नाही

मंडळी, आज जरा वेगळाच विषय. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपर्यंतचा; पुढे मराठी घेऊन बी.ए. आणि जन्मभर शाळा. तरी हे वाचलं आणि डोक्यातून जाईना.

मोबाइलच्या टॉवरवर आपल्या फोनचा सिग्नल पोहोचतो तो अगदी क्षीण, आणि भोवती इतर लहरींचा गोंगाट. तो गाळायला फिल्टर लागतो. पण साधा फिल्टर जितका कडक करावा, तितका तो आपला सिग्नलही खातो. १९८६ साली बेडनॉर्त्झ आणि म्युलर यांनी नव्या जातीचे अतिसंवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, शोधले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. यात विजेला रोध जवळजवळ नाहीच, म्हणून गाळणं कडक होतं आणि सिग्नलही वाचतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या सुपरकंडक्टर टेक्नॉलॉजीज, इलिनॉय सुपरकंडक्टर अशा कंपन्या असे फिल्टर टॉवरसाठी बनवू लागल्या.

घोडं अडलं ते थंडाव्यापाशी. फिल्टर उणे दोनशे अंशांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे रात्रंदिवस चालणारा छोटा फ्रीजच सोबत आला. फिल्टरमध्ये हलणारं काही नाही; फ्रीजमध्ये मात्र हेलियम वायू आणि खालीवर होणारा दट्ट्या. तो बंद पडला तर? आडरानातल्या टॉवरवर माणूस पोहोचेपर्यंत काय? शंका रास्तच होती. बनवणाऱ्यांनी सोय केली, फ्रीज थांबलाच तर सिग्नल फिल्टरला वळसा घालून जाईल. मला वाटतं, इथेच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वळसा घालूनही काम भागतं, तर एवढे पैसे कशाला, असं घेणाऱ्याच्या मनात आलं तर नवल काय?

आणि यंत्र दहा वर्षं बिघडत नाही हे दाखवायला दहा वर्षंच लागतात. तोवर कुणीतरी ते विकत घ्यायला हवं ना? नव्या शिक्षिकेला शाळा विचारतात, अनुभव किती? नोकरी दिल्याशिवाय बिचारी तो आणणार कुठून! अमेरिकेत काही हजार टॉवरवर हे फिल्टर बसले, पण कंपन्या तग धरू शकल्या नाहीत. एक २००९ साली दिवाळखोरीत गेली, दुसरी पुढे अतिसंवाहक तारांकडे वळली.

असो. थंडाव्याची कटकट एमआरआयलाही आहेच. त्यातला अतिसंवाहक चुंबक द्रवरूप हेलियमने याहून कितीतरी जास्त थंड ठेवतात. तिथे रुग्णालयं ती मुकाट्याने सोसतात, कारण तितका जोरदार चुंबक दुसऱ्या कशाने होत नाही. टॉवरवाल्यांपुढे पर्याय होते: आणखी टॉवर, नव्या फ्रिक्वेन्सी. आमचे दोन भाचे टेलिकॉममध्ये आहेत, त्यांना हे पटायचं नाही. त्यांनी मावशीला फोन करून भांडावं.