युरोप फिरताय, मज्जा आहे!

“ताई, लाईफ सेट आहे तुझी!” मी इन्स्टावर स्टोरी टाकली की पाच मिनिटांच्या आत मावसबहिणीचा हा मेसेज येतो, सोबत डोळ्यांत बदाम असलेला इमोजी. ती इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिलाही ‘तिकडेच’ यायचंय. तिकडे म्हणजे नक्की कुठे, ते अजून ठरलेलं नाही. मागे दगडी पूल, हातात आइस्क्रीम आणि शेजारी गॉगलवाला नवरा, असा फोटो जिथे निघतो ते ‘तिकडे’. तिला हसायचा मला हक्क नाही. कॉलेजात असताना असेच फोटो बघून मीही ‘यार, काय लाईफ आहे’ म्हणायचे. आता त्या फोटोत मी असते, तर फोटोबाहेर काय चाललेलं असतं तेही सांगून टाकते.

आम्ही दोघं तीन वर्षांपासून जर्मनीत, स्टुटगार्टला राहतो. दर महिना-दीड महिन्याने कुठे ना कुठे जातो हे खरंय. एक दिवस, दोन दिवस, फार तर चार. ऐकायला एकदम राजेशाही वाटतं, पण आतून सगळा जुगाड असतो.

एक तर इथे रविवारी दुकानं बंद. वाणसामानापासून मॉलपर्यंत कडकडीत बंद. भिंतीत खिळा ठोकायचा तरी शेजारी काय म्हणतील याची धास्ती, कारण रविवार हा शांततेचा वार. टपरीवर जाऊन बसावं तर टपरी नाही. नवीन लग्न झालेल्या जोडप्याने घरात एकमेकांच्या तोंडाकडे किती वेळ बघायचं? त्यापेक्षा गाडीत बसलेलं बरं. इथे महिन्याचं एक तिकीट मिळतं, ‘डॉइचलँडटिकेट’. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ युरो झालंय. त्यात देशभरातल्या लोकल, ट्राम, बस आणि पॅसेंजर गाड्या चालतात, फास्ट गाड्या नाही. म्हणजे दोन तासांच्या प्रवासाला चार तास आणि तीन ठिकाणी गाडी बदलायची. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवड्याचा डबा. स्टेशनवरचं सँडविच घेताना मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करायची सवय तीन वर्षांनीही गेलेली नाही.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, बऱ्याच कंपन्या २८-३० देतात. भरपूर वाटतात ना? पण एकदा नाशिकला जाऊन यायचं तर त्यातले पंधरा गेले. उरलेल्या दिवसांत वर्षभराची आजारपणाची भीती, पाहुणे, व्हिसाची कामं. मग इथले लोक जे करतात ते आम्हीही शिकलो. जर्मन भाषेत ‘ब्रुकनटाग’ नावाचा शब्द आहे, म्हणजे पुलाचा दिवस. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी दरवर्षी गुरुवारीच येते. मधल्या शुक्रवारची एक रजा टाकली की गुरुवार ते रविवार पूल बांधला जातो. एका रजेत चार दिवस! जानेवारीत नवं कॅलेंडर लागलं की अख्खं ऑफिस या शुक्रवारांवर डोळा ठेवून असतं.

तिसरी गोष्ट शेंगेन. लक्झेंबर्गमधल्या या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीवरच्या एका बोटीत १४ जून १९८५ ला करार झाला आणि त्यातून सीमा हळूहळू विरत गेल्या. आज त्यात २९ देश आहेत. आमच्याकडे जर्मनीचं राहण्याचं कार्ड आहे, त्यामुळे बाकीच्या शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, तिथे आपला निळा पासपोर्ट घेऊन परत रांगेतच उभं राहायचं.

एवढं सगळं जुळलं की फोटो निघतो.

गेल्या वर्षीच्या ब्रुकनटागला आम्ही चार दिवसांत प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट केलं. ‘केलं’ हेच क्रियापद बरोबर आहे, कारण पाहिलं असं म्हणवत नाही. नवऱ्याने एक्सेल शीट बनवली होती. त्यात वेळेचा कॉलम, तिकिटाचा कॉलम आणि ‘फोटो’ नावाचा एक वेगळा कॉलम. बुधवारी रात्रीच्या बसने निघालो, गुरुवारी सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी प्रागमध्ये. तिथल्या जुन्या चौकात १४१० सालचं एक खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला त्याच्या खिडक्या उघडतात आणि येशूच्या शिष्यांच्या बाहुल्या फिरून जातात. खेळ जेमतेम मिनिटभराचा. खाली शेकडो लोक आणि तेवढेच वर केलेले मोबाइल. मीही केला. ते घड्याळ मी मोबाइलच्या स्क्रीनवरच पाहिलं, स्क्रीनच्या वर फूटभर खरं घड्याळ होतं तरी.

मग चार्ल्स पुलावर गेलो. तिथे आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर शीटप्रमाणे आम्ही ४० मिनिटं मागे होतो आणि मला बसायचं होतं. फक्त बसायचं होतं, बाकी काही नाही. “अरे, मी काय कुरिअर आहे का?” असं मी भर पुलावर ओरडले. त्यानंतर दोन मिनिटांनी एका आजोबांनी आमचा फोटो काढून दिला. तोच तो फोटो, हसरा. त्याला माझ्या अकाउंटवरचे सगळ्यात जास्त लाइक्स आहेत.

व्हिएन्नाचं मला फार आठवत नाही. बुडापेस्टला आम्ही झोपलो. परतीच्या विमानात एका स्वस्त विमान कंपनीने बॅग दोन बोटं मोठी आहे म्हणून जादा पैसे मागितले, तर नवऱ्याने तीन शर्ट आणि दोन जॅकेटं अंगात घालून बॅग बारीक केली. खरं तर अख्ख्या ट्रिपमधला तोच क्षण आम्ही अजून आठवून हसतो. त्याचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

हे इथवर गमतीचं. घरी पोचल्यावर मंगळवारी आईचा फोन आला. गुरुवारी रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. काका आणि शेजारच्यांनी मिळून हॉस्पिटलमध्ये नेलं, शुक्रवारी स्टेंट टाकला, आता ते घरी होते, ठीक होते. मी विचारलं, “अगं, मग मला का नाही सांगितलं?” आई म्हणाली, “तुझा पुलावरचा फोटो बघितला होता गं. हसत होतीस. म्हटलं एवढ्या दिवसांनी फिरायला गेलेत, कशाला?”

म्हणजे मी चिडलेली असताना हसरा फोटो टाकला आणि तो बघून आईने बाबांचं दुखणं चार दिवस एकटीने पोटात ठेवलं. फोनवर मी आधी आईवर चिडले. नंतर बराच वेळ नुसती बसून होते.

त्या वर्षी नातेवाइकांचं एक वाक्य आधीच कानावर आलं होतं, “युरोप फिरायला वेळ आहे, इकडे यायला नाही.” दिवसांच्या हिशेबात हे वाक्य खोटं होतं. मी नोकरीत नवी होते, पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात सलग तीन आठवडे रजा मागायची सोय नाही. चार महिन्यांतल्या आमच्या सगळ्या भटकंतीत माझी एकच रजा गेली होती. पण हे एक्सेलचं उत्तर झालं. हा हिशेब कुणाच्या गळी उतरवणार? घरी जे पोचत होतं ते फक्त पूल आणि आइस्क्रीम.

ऑगस्टमध्ये तीन आठवडे नाशिकला गेले. बाबांना घड्याळांचं वेड आहे. घरात बंद पडलेली चार भिंतीवरची घड्याळं त्यांनी आजवर स्वतः चालू केलीत. त्यांनी विचारलं, “ते प्रागचं घड्याळ चंद्रकला दाखवतं म्हणे? आतली रास कशी फिरते?” माझ्याकडे ३८ सेकंदांचा व्हिडिओ होता आणि सांगायला एकही वाक्य नव्हतं. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. चौथ्यांदा पॉझ करून, डोळे बारीक करून काटे बघत बसले. नाशिकच्या खाटेवरून ते माझ्यापेक्षा जास्त प्राग बघत होते.

तेव्हापासून आमच्याकडे एक्सेल बंद. एका सुट्टीत एकच गाव, आणि त्या गावातलंही अर्धं पुढच्या वेळेला. नवऱ्याला हे पचायला जड गेलं. “परत कधी येणार आपण इथे?” हा त्याचा ठरलेला मुद्दा, आणि तो अगदीच चूक नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात टूरवाल्यांचं ब्रोशर असतं, इतक्या दिवसांत इतके देश. पैसे खर्च करून आलोय तर वसूल झाले पाहिजेत, हा आपला मध्यमवर्गी हिशेब मला समजतो. पण वसुली कशात मोजायची यावर माझं मत आता पक्कं झालंय. परत आल्यावर कुणी त्या गावाबद्दल विचारलं तर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते तिकीट फुकट गेलं.

या मार्चमध्ये बाबांसाठी म्हणून मुद्दाम स्ट्रासबर्गला गेलो. तिथल्या कॅथेड्रलमध्येही खगोलीय घड्याळ आहे, आणि तिथे शिष्यांची फेरी दुपारी साडेबाराला निघते. पॅसेंजर गाड्या बदलत केल नावाच्या जर्मन गावाला उतरायचं. तिथून ट्राम ऱ्हाइन नदी ओलांडते आणि पाव तासात तुम्ही फ्रान्समध्ये. २०१७ पासून ही ट्राम सुरू आहे. कधीकधी तपासणी असते म्हणून पासपोर्ट आणि कार्ड जवळ ठेवायचं, बाकी देश बदलल्याचं फक्त मोबाइलवरच्या मेसेजने कळतं.

आमची गाडी उशिरा पोचली आणि साडेबारा हुकले. आधीचे आम्ही असतो तर तिथेच महाभारत झालं असतं. या वेळी पुऱ्यांचा डबा घेऊन प्लास द ला रेपुब्लिक नावाच्या चौकात मॅग्नोलियाखाली बसलो. झाडांना पान नव्हतं, नुसती गुलाबी फुलं. मध्ये एक स्मारक आहे. एका आईने दोन मरणाऱ्या मुलांना धरलंय. दोघांच्याही अंगावर युनिफॉर्म नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’ एवढंच लिहिलंय, कुठल्या देशासाठी मेले ते लिहिलेलं नाही. का, ते तिथेच बसून वाचलं. हा अल्सास प्रांत १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा जर्मनी आणि फ्रान्सच्या हातांत इकडून तिकडे गेला. पहिल्या महायुद्धात इथली मुलं जर्मन सैन्यातून लढली आणि युद्ध संपल्यावर त्यांचं गाव फ्रान्समध्ये होतं. १९३६ मध्ये स्मारक उभारताना ‘फ्रान्ससाठी’ असं लिहिणार तरी कसं? म्हणून एक मुलगा फ्रान्सचा, एक जर्मनीचा, आणि आई एकच.

आम्ही ज्या ट्रामने चॉकलेट खात आलो होतो, तीच ही सीमा. त्या चौकात आम्ही दोन तास होतो. बरेचसे गप्प, आणि या वेळी रागाने नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. घड्याळ हुकलं हे सांगायला केला होता, पण स्मारकाचं सांगता सांगता तासभर गेला. माझी आजी बेळगावची. गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं तेव्हा घरात काय बोलणं झालं होतं, ते बाबांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. अल्सासइतकं रक्त तिथे सांडलं नाही, तुलना नकोच. पण ती गोष्ट मला या एका बाकड्यामुळे मिळाली. स्टोरी टाकायची राहूनच गेली.

फोटो टाकूच नका असं मी म्हणणार नाही, मीही टाकते. फक्त आता घरी परतल्यावर टाकते, आणि त्याआधी आईशी बोलून घेते. फोटो बघून ‘मजेत आहेत’ हे तिने ठरवायच्या आत.

मावसबहिणीलाही परवा फोनवर आकडे दिले. जर्मनीत शिकायला यायचं तर वर्षाच्या खर्चासाठी बंद खात्यात ११,९०४ युरो दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. त्यात खोलीचं भाडं, इन्शुरन्स, जेवण. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. ती जरा गप्प झाली, म्हणून चांगलंही सांगितलं. युरोपात राहणाऱ्या २६ वर्षांखालच्या मुलांना पॅरिसचं लूव्र फुकट आहे, पासपोर्ट भारतीय असला तरी, राहण्याचं कार्ड इथलं असलं की झालं. त्यावर ती म्हणाली, “ताई, मग लूव्र अर्ध्या दिवसात होतं ना?”

आता मे महिन्यात आई-बाबा येतायत. व्हिसा आलाय, तिकिटं झालीत, बाबांच्या डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. आईने शेजारच्या काकूंच्या टूरची यादी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलीय: पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम, आणि “जमलं तर ते ट्युलिप”. काल रात्री नवरा लॅपटॉप उघडून बसला होता, मी डोकावले तर एक्सेल. फोटोचा कॉलम मात्र या वेळी नव्हता. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, बाबा, स्ट्रासबर्ग, १२.३०. शेजारी त्याने सकाळी सहाची गाडी टाकलीय.