घरची हिरवळ : वाढत नाही म्हणून रोज पाणी?



यंदाच्या मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या इमारतीतल्या एक ताई हातात कुंडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. कुंडीत स्नेक प्लांट होते. सापाच्या अंगावर असतात तसे पट्टे असलेली, तलवारीसारखी उभी पाने. सगळीकडे दिसते ते. त्यांची लेक पुण्याला दवाखान्यात नोकरीला लागली, तेव्हा पहिल्या पगारातून तिने ते आईला आणून दिले होते. “आई, हे मरत नाही, तुला काही करावं लागणार नाही,” असे म्हणाली होती. दीड वर्ष झाले. आणले तेव्हा चार पाने होती, अजूनही चारच, आणि त्यातले एक बुडाशी पिवळे पडून लिबलिबीत झाले होते.

“लेक सुट्टीला आली की पहिलं तेच बघते. काय सांगू तिला?” ताई म्हणाल्या.

मी विचारले, पाणी किती घालता? तर रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक पेला. आणि ठेवता कुठे? टीव्हीशेजारी, कोपऱ्यात. आमच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की त्या कोपऱ्यात दुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागते. म्हणजे झाडाला उजेड जवळजवळ नाही आणि पाणी मात्र रोज. वाढ खुंटली त्याचे कारण हेच.

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. त्याची जाड पाने आणि जमिनीखालचे आडवे खोड पाणी साठवून ठेवतात. दिवसाच्या उन्हात ते पानांवरची बारीक छिद्रे मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणून पाणी उडून जात नाही. या काटकसरीमुळेच ते मुळात सावकाश वाढते. बरी देखभाल असली तरी वर्षाला दोनचार नवी पाने आली की पुष्कळ समजावे. अंधारात ते मरत नाही खरे, पण वाढतही नाही, नुसते तग धरून राहते. ज्याची वाढ थांबली आहे ते झाड पाणी पिणार कुठून? माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आम्ही ओट्यावर वर्तमानपत्र पसरून कुंडी उलटी केली. मातीला आंबूस वास होता. चांगले मूळ टणक असते. इथे बरीचशी तपकिरी होऊन बोटात धरताच त्यांची साल सुटत होती. धुतलेल्या सुरीने कुजके सगळे कापून टाकले, पिवळे पानही टाकले. दोन पानांखाली टणक खोड शाबूत निघाले. ती दोन पाने सावलीत कागदावर दोन दिवस तशीच ठेवायला सांगितली, म्हणजे कापलेली जागा सुकते. ताईंना ते काही पटेना. “दोन दिवस तहानलेलं ठेवायचं?” त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. इतके दिवस जीव लावून पाणी घातलेले, त्यांचा हात मागे कसा येणार!

चौथ्या पानाचे खोड गेले होते, पण पान चांगले होते. त्याचे चार बोटे लांबीचे तुकडे केले, तेही सुकू दिले आणि ओलसर वाळूत खोचले. तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे, उलटा खोचला तर मूळ धरत नाही. म्हणून कापतानाच खूण करून ठेवावी. यात घाई चालत नाही. मुळे यायला कित्येक आठवडे आणि कोंब दिसायला महिने लागतात. ज्यांच्याकडे पिवळ्या काठाची जात आहे त्यांनी मात्र पानाचे तुकडे लावू नयेत, नवे रोप साधे हिरवेच निघते. काठ हवा असेल तर खोडासकट फुटवा वेगळा करावा.

कुंडी मातीचीच घ्यावी, फार मोठी नको. जरा अडचणीत असलेले हे झाड चांगले वाढते. तेलाचा डबा घेतलात तर बुडाला चारपाच भोके पाडा. निम्मी लाल माती, उरलेल्यात जाड वाळू किंवा विटेचा चुरा आणि दोन मुठी जुने शेणखत. पाणी कधी घालायचे ते ठरवायला झाडूची काडी पुरते. ती मातीत खोल खुपसून काढावी. ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. उन्हाळ्यात आठदहा दिवसांनी लागेल, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत महिनाभर न लागले तरी नवल नाही. पावसात कुंडी ग्रिलवर उघडी ठेवू नये.

जागा खिडकीजवळची हवी, पण अंधारातून एकदम कडक उन्हात नको. रोज थोडे थोडे सरकवत न्यावे. नागपूर-चंद्रपूरकडच्या भगिनींनी मे महिन्यातले दुपारचे ऊन टाळावे, पाने भाजून पांढरी पडतात. अमक्या दिशेला ठेवले की घरात पैसा येतो, असे सांगून कोणी जास्त दाम मागत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. हवा शुद्ध होते, हेही भरवशाचे नाही. 1989 साली अमेरिकेत झालेला तो प्रयोग लहान बंद पेटीत केला होता. आपल्या खोलीतला फोडणीचा धूर घालवायला खिडकी उघडणेच बरे. आणि हो, रांगते मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पान चावले तर उलट्या होऊ शकतात.

एप्रिल-मे असेच गेले. ताई दर रविवारी काडी घेऊन वर यायच्या, “बघा बरं, ओली आहे का?” जुलैत एका सकाळी त्यांनी मला हाक मारून खाली नेले. मातीतून करंगळीएवढे, घट्ट गुंडाळलेले टोक वर आले होते. लेकीला फोनवर अजून सांगितलेले नाही. ती आली की तिला स्वतःच दिसू दे, असे त्यांचे म्हणणे आहे. वाळूतल्या तुकड्यांपैकी दोन कुजले, बाकीच्यांनी मूळ धरले आहे. त्यातला एक मी मागून ठेवला आहे.